कमानीखालचा पेंढा

१

ऑल्डरस्टोनचे सर रॉडरिक वेझी सकाळी न्याहारीच्या सुमारास गेले, आणि पागेची घंटा वाजली नाही.

वाजायला हवी होती. घराचा धनी गेला की पागेच्या मनोऱ्यातून संथ टोले पडायचे आणि खोऱ्यातली कुळं शेतात जिथे असतील तिथे टोप्या काढून उभी राहायची. सरांच्या बापाच्या वेळी तसंच झालं होतं. आजारपणात मात्र घंटा मुकी ठेवायची, म्हणून गेले काही आठवडे मुख्य कोचमन अॅमॉस ट्रँटरने हातोड्याची तार काढून ठेवली होती. आज मनोऱ्याखालच्या घड्याळाच्या खोलीत त्याने ती परत अडकवली, दोर धरला, डोळे पुसले आणि ओढला. वर हातोडा घंटेवर आदळायला हवा होता. तो हवेत फिरून परत आला.

खाली चौकात फिलिपा गार्थ मोजपट्टी हातात धरून उभी होती. श्रूझबरीच्या एका वास्तुविशारदाची ही मुलगी. बापाची नजर अधू झाल्यापासून मापं ती घ्यायची, नकाशे ती काढायची आणि सही तेवढी बाप करायचा. हे साऱ्या परगण्याला ठाऊक होतं, पण असल्या गोष्टी तोंडावर बोलायची तिथे रीत नाही, त्यामुळे कामं मिळत राहायची. आताचं काम सरांच्या पुतण्याचं, कॅप्टन लायनेल वेझीचं. काकांचा श्वास चालू असतानाच त्याने जुन्या पागेत मोटारी ठेवायचा घाट घातला होता. पहिल्याच दिवशी फिलिपाला चौकातून फिरवत तो म्हणाला होता, "ही ठाणं निघतील, इथे मोटारी. कमान रुंद करायची. वरच्या खोल्या रिकाम्याच धरा, तिथे शोफरची सोय करू." त्या खोल्यांत अॅमॉस राहतो हे तिला नंतर कळलं. म्हातारा निवृत्त होत असेल, असं तिने मनाशी धरलं आणि कामाला लागली.

आता तोच म्हातारा गोल जिना उतरून खाली आला. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"घंटा नाही," तो म्हणाला.

"वाजत नाही?"

"नाही म्हणजे नाहीच, बाई. वर चढून बघितलं. तुळई आहे, हातोडा आहे, घंटा गेली."

तेवढ्यात घरातून कॅप्टन आला. दंडावर काळी पट्टी, हातात मोजे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वरच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, ट्रँटर?"

"माझ्याकडे, साहेब."

"दुसरी?"

"दुसरी नाही."

कॅप्टनने मोठा सुस्कारा सोडला. "काकांचा तुझ्यावर किती जीव होता, हे मी विसरलेलो नाही. दफन होईपर्यंत मी पोलिसांना थांबवतो. तू प्रेताच्या गाडीवर बस, नेहमीसारखा. त्यानंतर मात्र माझा नाइलाज आहे."

सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. फिलिपालाही तसंच वाटलं. अॅमॉसने टोपी काढली आणि तो घोड्यांकडे निघून गेला. चाळीसेक वर्षं त्या घरात काढलेला माणूस, आणि बुधवारी दफन झालं की हातात बेड्या पडणार होत्या.

२

फिलिपाला खरं तर यात पडायचं कारण नव्हतं. पण इमारत ती मोजत होती, आणि इमारतीतली एवढी मोठी वस्तू नाहीशी होते म्हणजे काय, हा प्रश्न तिला चैन पडू देईना.

पागा बांधणाऱ्याने घराकडे तोंड असलेली बाजू देखणी केली होती. घडीव दगड, मधोमध उंच कमान, कमानीवर घड्याळ, त्याच्यावर झडपांचा मनोरा. मागच्या बाजूला साधी वीट, कारण तिथून बघणार कोण. आत चौक, चौकाभोवती घोड्यांची ठाणं, बग्गीखाना आणि साज ठेवायची खोली. खिडक्या अर्धचंद्रासारख्या आणि उंचावर, म्हणजे घोड्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. वर मोतद्दारांच्या खोल्या, त्यांच्या खिडक्या फक्त चौकाकडे, म्हणजे नोकरमाणसांना बागेत फिरणारी घरची मंडळी दिसत नाहीत. सगळं कसं विचार करून केलेलं.

ती गोल जिना चढली. जिना इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला घासत होते. वर घड्याळाची खोली, पायाखाली जुनी काथ्याची चटई, डोक्यावर फळ्या. फळ्या सरकवल्या की मनोरा. मनोऱ्याच्या झडपा रंगाने पार चिकटलेल्या, वर पारव्यांची घाण वर्षानुवर्षांची, कुठे ओरखडासुद्धा नाही. तुळईवर दोर घासल्याच्या खुणा मात्र ताज्या होत्या.

"केवढी होती हो घंटा?" तिने खाली येऊन विचारलं.

अॅमॉसने दोन्ही हात पसरले. "मिठीत मावायची नाही."

"मग ती या जिन्यातून उतरली नाही. झडपांतूनही नाही."

"तर मग गेली कुठून?"

"तेच तर," फिलिपा म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली. घंटा वरच्या फळ्यांतून घड्याळाच्या खोलीत येऊ शकते हे तिला दिसत होतं. पण त्या खोलीतून पुढे तिला वाटच नव्हती. म्हणजे ती अजून तिथेच असायला हवी, आणि ती तिथे नव्हती. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

"तुम्हाला कधी संशय आला नाही? रोज घड्याळाला चावी द्यायला वर जात होता ना?"

"चावी देतो खालच्या खोलीत. घंटा वर फळ्यांआड. मुकी ठेवलेली घंटा कशाला बघायला जाऊ मी?"

"आणि किल्ली सदा तुमच्याजवळ?"

अॅमॉस जरा घुटमळला. "रविवार सोडून. रविवारी चर्चला बग्गी न्यायची तर गणवेश घालावा लागतो. त्या कोटाचे खिसे शिवून टाकलेले असतात, फुगीर दिसू नयेत म्हणून. किल्ल्या साजाच्या खोलीत खिळ्याला अडकवून जातो. पण रविवारी इथे असतंच कोण? सगळे मोतद्दार चर्चला. सरांचा हुकूमच तसा."

फिलिपा उठली. चौकात पाय टाकला तर बूट घोट्यापर्यंत पेंढ्यात बुडाला. आजाऱ्याच्या घरापुढे चाकांचा खडखडाट होऊ नये म्हणून पेंढा अंथरतात, तसा इथेही अंथरला होता. कमानीखाली तर गादीसारखा जाड. ती तशीच त्यावरून चालत स्वयंपाकघराकडे गेली.

स्वयंपाकीण मिसेस बन्स कणीक मळत होती आणि मळता मळता रडत होती.

"घंटा गेली म्हणे," ती म्हणाली. "कशी जाईल? मी काल ऐकली की."

"काल?" फिलिपा चमकली. "अहो, ती तर कित्येक दिवस मुकी आहे."

"हसा तुम्हीपण. सगळेच हसतात. मोतद्दार म्हणतात, मिसेस बन्सच्या शेरीच्या पेल्यात घंटा वाजते. पण मी ऐकलीये, एकदा नाही, चारदा. आपलीच घंटा. तिचा आवाज मला झोपेतसुद्धा कळेल."

३

आता बघा, घंटा जागेवर नाही, तरी ती वाजते. फिलिपाने ठरवलं की मिसेस बन्सच्या शेरीचा विषय सध्या बाजूला ठेवावा. पण डॉक्टर प्रुएट भेटले आणि तो विषय परत दारात येऊन उभा राहिला.

डॉक्टर आपली छोटी घोडागाडी चौकात सोडून सरांच्या मृत्यूचा दाखला द्यायला आले होते. थकलेले, गोड बोलणारे गृहस्थ.

"शेवटी शेवटी भ्रम झाला होता बिचाऱ्यांना," ते म्हणाले. "सारखे म्हणायचे, घंटा वाजतेय, पण भलत्याच बाजूने वाजतेय. उशी फिरवायला लावायचे."

"भलत्याच बाजूने म्हणजे कुठून?"

"भ्रमाला कुठली आलीये दिशा, मिस गार्थ? खिडकीकडे बोट करायचे. नदीच्या अंगाला."

"आणि डॉक्टर, हा पेंढा तुम्ही सांगितला होतात ना?"

"घरापुढच्या रस्त्यावर, हो. त्यांच्या खोलीखालून गाड्या जातात."

"पण इथे, पागेत?"

डॉक्टरांनी पायाखाली पाहिलं, जणू पहिल्यांदाच. "इथे मी नाही सांगितला. मला वाटलं, मिस अर्सुलाची माया. मुलगी जीव टाकायची बापावर. मी कशाला विचारू?"

फिलिपाच्या डोळ्यांपुढे तिचाच नकाशा उभा राहिला. सरांची खोली घराच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात. मधे अख्खं घर, मग भिंतीआडची बाग, मग पागा. या कमानीतून तोफ ओढून नेली असती तरी त्या खोलीत ऐकू गेलं नसतं. मग इतका पेंढा इथे कशाला?

तिने अॅमॉसला गाठलं. "कमानीखाली पेंढा घालायला कुणी सांगितलं?"

"मिस अर्सुलांनी. हुकूम आला, घातला. आजाऱ्यासाठी पेंढा मागितला तर कशाला म्हणून कोण विचारतं?"

खरंच होतं ते. मरणाऱ्या माणसाला शांतता हवी असं म्हटल्यावर त्या देशात कुणी हूं की चूं करत नाही. अर्सुला वेझी तिला आवडली होती. आणि अर्सुलाला या घरातलं काहीही मिळणार नव्हतं, सगळं पुतण्याकडे जाणार होतं. बापाच्या आजारपणात दिवाणखान्यातलं काही हलवलं तर दिसलं असतं. मुक्या घंटेचं मात्र कुणालाच कळलं नसतं.

अर्सुला दिवाणखान्यात काळ्या कपड्यांत बसली होती, पुढ्यात चहा निवलेला.

"घंटा मला मिळाली असती तर मी नेलीच असती," ती सरळ म्हणाली. "लहानपणी तिच्या ठोक्यांवर मोजायला शिकले मी. पण चोरायची? आणि ट्रँटरच्या गळ्यात घालायची? त्यांनी मला पहिल्यांदा तट्टावर बसवलंय, मिस गार्थ."

"पागेत पेंढा घालायला तुम्ही सांगितलंत?"

"सांगितला. डॉक्टरांनी मागितला होता म्हणून."

"डॉक्टर नाही म्हणतात."

अर्सुलाने कप खाली ठेवला. "मला डॉक्टरांनी नाही सांगितलं. डॉक्टरांचा निरोप म्हणून लायनेलने सांगितलं."

४

कॅप्टनने ते हसून उडवलं.

"डॉक्टर म्हणाले होते, मी पुढे सांगितलं. प्रुएटचं वय झालंय, विसरले असतील. आणि जरा विचार करा, मिस गार्थ. घंटा काकांनंतर माझीच होती. आपलीच वस्तू कोण चोरतं?"

फिलिपाने मान खाली घातली आणि माफी मागितली. कॅप्टन म्हणाला, ठीक आहे, होतं असं. बाहेर पडताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. बाप घरी अंधारात बसलाय, हे काम गेलं तर हिवाळा कसा काढायचा, आणि आपण इथे काम देणाऱ्यालाच चोर ठरवायला निघालोय.

ती कमानीखाली आली आणि दमून पेंढ्यातच उताणी पडली. कमानीच्या आतल्या छताचं चित्र अजून काढायचं राहिलं होतं, ते तरी उरकावं असा विचार. छत सुंदर होतं, चारही कोपऱ्यांतून दगडी फासळ्या वर जाऊन मधोमध एका मोठ्या गोल फुलात मिळालेल्या. शंभरेक वर्षांच्या धुळीने, घोड्यांच्या वाफाऱ्याने सगळं काळपट झालेलं. फक्त त्या फुलाभोवती एक बारीक पांढरट रेघ होती.

ती उठून बसली. मग धावतच जिना चढली, खांदे खरचटले तरी. घड्याळाच्या खोलीतली चटई ओढून काढली. खाली फळ्यांमधे एक गोल झाकण, दोन कड्यांचं. ते फूल दगडाचं नव्हतंच. दगडी रंग दिलेलं लाकडी झाकण होतं ते, आणि त्याची फट कुणीतरी नुकतीच लांबीचा पांढरा लगदा भरून बुजवली होती.

बांधणाऱ्याने घंटा चढवली असणार ती याच भोकातून, आणि पुढे कधी फुटली तर उतरवायला वाट म्हणून भोक ठेवून त्यावर फूल बसवलं. ज्याने काढली त्याने तीच वाट धरली. वरून दोराने सोडली, खाली पेंढ्याच्या गादीवर टेकवली, गाडीवर चढवली. ना फरशी तडकली, ना आवाज झाला. पेंढा आजाऱ्याच्या कानांसाठी नव्हताच. तो पलीकडेच असलेल्या स्वयंपाकघराच्या कानांसाठी होता.

कशी गेली हे कळलं, म्हणून फिलिपाला क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आलं की यातून अॅमॉस सुटत नाही. उलट, या खोलीत रोज येणारा तोच. त्या झाकणाची माहिती असायची तर त्यालाच.

ती खिन्न होऊन खाली उतरली. वारा फिरला होता, नदीकडून येत होता. चौकात उभी असताना तिला ऐकू आलं. लांबून, अगदी पुसट, एका जड घंटेचे टोले.

चर्च गावाच्या दुसऱ्या बाजूला होतं. हे टोले नदीपलीकडून येत होते.

५

नदीपलीकडे राहायचा जॅबेझ हॉलरॉइड. बूटपॉलिशवर पैसा केलेला यॉर्कशायरचा माणूस. त्याने नवा बंगला बांधला होता आणि बंगल्याला शोभेल अशी नवीकोरी पागा, कमान आणि मनोऱ्यासकट. परगण्यातलं एकही जुनं घराणं त्याच्याकडे पाऊल टाकत नसे. त्याच्या मनोऱ्यात हत्ती टांगला असता तरी ऑल्डरस्टोनला पत्ता लागला नसता.

हॉलरॉइडने फिलिपाला स्वतः वर नेलं. पाहुणा आला म्हणून तो खूश होता.

"बघा, कशी आहे? जुनी आहे, खरी जुनी. पहिल्या दिवसापासून वाजवतोय."

"कुणाकडून घेतलीत, मिस्टर हॉलरॉइड?"

"ते नाही सांगायचं."

"अहो, ती ऑल्डरस्टोनची आहे."

"माहीत आहे की. म्हणाले, पागा पाडायची आहे, घंटा भंगारात जाण्यापेक्षा तुम्ही न्या. माझी माणसं रविवारी जाऊन घेऊन आली. घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, गाजावाजा नको, म्हातारा मातीत जाईपर्यंत नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. मी शब्द दिलाय."

"त्या घंटेपायी एक निरपराध माणूस तुरुंगात जाईल."

हॉलरॉइडचं हसू मावळलं. तो टक्कल चोळू लागला.

"दफन कधी आहे?"

"बुधवारी."

"मग बुधवारी दफन झालं की माझं तोंड मोकळं. त्याआधी नाही, बाई. तुमचे ते बडे लोक मला घरात घेत नाहीत, पण दिलेला शब्द मोडला असं कुणाला म्हणता येणार नाही. मी येतो."

परतीच्या वाटेवर फिलिपा अजूनच गोंधळली होती. रविवारी घरी कोण होतं? मिसेस बन्सला विचारलं तर ती म्हणाली, "मी होते, मटण भाजत होते. आणि कॅप्टनसाहेब. काकांजवळ मी बसतो म्हणून मिस अर्सुलांना बळेच चर्चला धाडलं त्यांनी. किती दिवसांनी पोरीने बाहेरची हवा खाल्ली. चांगला आहे हो मुलगा."

म्हणजे परत कॅप्टनच. निरोप त्याचा, रविवारी घरी तो. आणि परत तोच अडथळा, आपलीच वस्तू कोण चोरतं? थोडे दिवस थांबला असता तर दिवसाढवळ्या, बँड लावून विकता आली असती. फिलिपाने कितीही फिरवून पाहिलं तरी ते कोडं सुटेना. पैशाची चणचण म्हणावी तर तीही नाही, मोटार नुकतीच घेतलेली.

संध्याकाळी अर्सुला बागेच्या दाराशी भेटली. डोळे सुजलेले.

"लायनेल वाईट नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बाबा आजारी पडले तेव्हा त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, पाद्रीसाहेबांना, नोकरांनासुद्धा. लायनेलकडून वचन घेतलं की ट्रँटर जोवर इमानाने वागेल तोवर कमानीवरच्या खोल्या त्याच्या. आणि लायनेलने सगळ्यांसमोर शब्द दिला, वेझी घराण्याचा शब्द. काय गरज होती त्याला? म्हणून तर मला वाटतं, त्याच्यावर संशय घेऊ नये."

फिलिपा जागच्या जागी थबकली. तिच्या कानात पहिल्या दिवसाचं वाक्य वाजत होतं. वरच्या खोल्या रिकाम्याच धरा.

६

बुधवारी सर रॉडरिकना माती दिली. अॅमॉस गाडीवर ताठ बसला होता, काळे घोडे, काळे तुरे, गणवेश कुठेही सुरकुतलेला नाही. परत आल्यावर सगळे चौकात जमले. हवालदार कमानीशी उभा होता आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

अॅमॉस खाली उतरला. घोड्यांच्या मानेवर थोपटलं आणि हवालदाराकडे चालू लागला.

"थांबा," फिलिपा म्हणाली. "कॅप्टन वेझी, तुम्ही मला विचारलं होतंत, आपलीच वस्तू कोण चोरतं. मला तेव्हा उत्तर आलं नाही. आता आलंय."

"मिस गार्थ, ही वेळ नव्हे."

"हीच आहे. नंतर मिस्टर ट्रँटर इथे नसतील. घंटा गेली ती कमानीच्या छतातल्या झाकणातून. गेली रविवारी, सगळे चर्चमधे असताना, किल्ली खिळ्याला असताना. टेकली पेंढ्यावर. हा पेंढा डॉक्टरांनी मागितला नाही. मिस अर्सुलांनी स्वतःहून मागितला नाही. डॉक्टरांचा म्हणून निरोप तुम्ही आणलात, आणि मिस अर्सुलांना चर्चला धाडून घरी तुम्ही राहिलात."

"आणि कशासाठी? माझ्याच घंटेसाठी?"

"घंटेशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. तुम्हाला या खोल्या हव्या होत्या. कमान रुंद करायची होती. पण शब्द दिला होतात, पाद्र्यासमोर, नोकरांसमोर, की ट्रँटर इमानाने वागेल तोवर त्यांना हलवणार नाही. शब्द मोडला तर परगण्यात कुणी जेवायला बोलावणार नाही. मग इमानच मोडायला हवं होतं, ट्रँटरचं. सर अंथरुणावर होते, आणि तुम्ही मला खोल्या रिकाम्या धरायला सांगितल्यात. त्या रिकाम्या होणार हे तेव्हा फक्त एकाच माणसाला माहीत असू शकत होतं."

कॅप्टन मोजे एका हातातून दुसऱ्या हातात करत होता.

"तर्क सुंदर आहे," तो म्हणाला. "पुरावा?"

"पुरावा मी," कमानीतून आवाज आला. हॉलरॉइड होता, काळ्या टोपीत, घामाघूम. "माती झाली ना? मग मी मोकळा. घंटा मला या साहेबांनी विकली. झाकण कुठे आहे ते यांनीच माझ्या माणसांना दाखवलं. मी शब्द दिला होता आणि पाळला. पण एका भल्या माणसाला चोर करायला म्हणून तो माझ्याकडून घेतला होता, हे मला कुणी बोललं नव्हतं." एवढं बोलून त्याने टोपी काढली आणि अॅमॉससमोर मान झुकवली.

अर्सुला पुढे आली. ती रडत नव्हती. "लायनेल, बाबा त्या घंटेचा आवाज ऐकत होते. नदीपलीकडून. आम्ही त्यांना वेडं ठरवलं. तू त्या खोलीत असायचास, तुला माहीत होतं, आणि तू त्यांची उशी फिरवून द्यायचास."

हवालदाराने खाकरून विचारलं, आता कुणाला न्यायचं. अर्सुलाने मान हलवली. बापाच्या मातीच्या दिवशी घरातून कुणाला बेड्या घालून नेलेलं तिला नको होतं. हवालदार सुटल्यासारखा निघून गेला.

कॅप्टन पांढराफटक पडला होता, पण आवाज ताब्यात होता. तसं शिक्षणच मिळालेलं असतं असल्या बड्या लोकांना. "ट्रँटर, तुझ्यावर अन्याय झाला. मी कबूल करतो. यापुढे तुला इथे राहणं जड जाईल, मी समजू शकतो. गावात चांगलं घर बघून देईन, निवृत्तीवेतन, शिफारस, सगळं."

सगळ्यांनी अॅमॉसकडे पाहिलं. आता हा किल्ली फेकून देईल, ट्रंक उचलेल आणि मान वर करून कमानीतून निघून जाईल, अशी फिलिपाची खात्री होती, आणि त्या विचारानेच तिचे डोळे भरून आले.

अॅमॉसने टोपी नीट केली.

"नको साहेब," तो म्हणाला. "मी राहतो की."

"राहतोस?"

"इमानाने वागेन तोवर राहायचं, असं ठरलंय. आता तर माझं इमान साऱ्या परगण्यासमोर पारखून झालं. शब्द आहे तुमचा."

कॅप्टनने चौकात नजर फिरवली. पाद्रीसाहेब होते, डॉक्टर होते, कुळं होती, मिसेस बन्स एप्रनला हात पुसत उभी होती, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"आहे," कॅप्टन म्हणाला आणि घराकडे चालू लागला. रस्ता त्याला सगळ्यांच्या मधूनच होता. वाट दिली, पण टोपी कुणी काढली नाही.

माणसं पांगल्यावर फिलिपाने मोजपट्टी गुंडाळली. काम गेलं होतं, कमान आता कुणी रुंद करणार नव्हतं, आणि बापाला काय सांगायचं हे तिला अजून सुचलं नव्हतं. तरी तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"मी असते तर एक क्षण इथे थांबले नसते, मिस्टर ट्रँटर. रोज त्या माणसाचं तोंड बघायचं?"

"मी नाही, बाई. त्यांना माझं बघावं लागेल," अॅमॉस म्हणाला. "मी गेलो असतो तर तुम्ही सगळे माझ्यासाठी हळहळला असता, आणि खोल्या रिकाम्या झाल्या असत्या. शब्द मोडायची त्यांची सोय मी का करून देऊ?"

मग त्याने घोडे सोडले, त्यांना पाणी दाखवलं, गणवेशाचा कोट काढून खांद्यावर टाकला आणि चहा ठेवायला गोल जिन्याने वर गेला.